जर्मन अल्ट्रा आणि ‘मुखवट्या’चा आरोप

बुंदेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये, कुठे धुराचे लोट उठले, सामना थांबला, की आपल्याकडच्या फुटबॉल ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: जर्मनीतले ‘अल्ट्रा’ (गट करून स्टँडमध्ये उभे राहणारे कट्टर चाहते) मुळात हुल्लडबाज, त्यांची समाजसेवा हा नुसता मुखवटा, पैसा क्लबचा, नाहीतर सरकारचा, आणि खरं काम कुणी करत असेलच तर ते फक्त हॅम्बुर्गच्या सेंट पाउली क्लबवाले. यातल्या पहिल्या आरोपात थोडं तथ्य आहे, म्हणून त्याचाच समाचार आधी घेऊ.

बायर्न म्युनिकचा ‘शिकेरिया’ हा गट घ्या. २००७ मध्ये वुर्त्सबुर्गजवळ महामार्गावरच्या थांब्यावर या गटातल्या लोकांनी न्यूरेंबर्गच्या चाहत्यांवर हल्ला केला. भिरकावलेली बाटली बसचालकाच्या पत्नीला लागली आणि तिच्या डोळ्याला कायमची इजा झाली. क्लबने अनेकांना स्टेडियमबंदी घातली, ती योग्यच होती. यावर सारवासारव करायचं काहीच कारण नाही.

पण हाच गट त्याच काळात कुर्ट लांडाउअर हे नाव विस्मृतीतून बाहेर काढत होता. लांडाउअर हे बायर्नचे ज्यू अध्यक्ष. १९३२ मध्ये क्लबने पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं ते त्यांच्या कारकिर्दीत. पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले आणि त्यांना पद सोडावं लागलं. १९३८ मध्ये त्यांना डाखाऊच्या छळछावणीत डांबलं, नंतर ते कसेबसे स्वित्झर्लंडला निसटले. चार भावंडं नाझींनी मारली. एवढं होऊनही हा माणूस १९४७ मध्ये म्युनिकला परतला आणि पुन्हा त्याच क्लबचा अध्यक्ष झाला. १९६१ मध्ये ते गेले, आणि नंतर कित्येक वर्षं क्लबला त्यांची फारशी आठवण राहिली नाही.

ती आठवण जागवली गोलपोस्टमागे उभं राहून घसा कोरडा करणाऱ्या पोरांनी. २००६ पासून शिकेरिया लांडाउअर यांच्या नावाने वंशद्वेषविरोधी स्पर्धा भरवू लागला. क्लबने त्यांना मरणोत्तर मानद अध्यक्षपद दिलं ते २०१३ मध्ये. २०१४ मध्ये अख्ख्या स्टँडवर लांडाउअर यांचं भव्य चित्र उभं राहिलं आणि त्याच वर्षी जर्मन फुटबॉल महासंघाने शिकेरियाला युलियस हिर्श पुरस्कार दिला. (हिर्श हे जर्मनीकडून खेळलेले ज्यू फुटबॉलपटू, १९४३ मध्ये त्यांना आउशवित्झला नेलं गेलं.) पायरोवरून, म्हणजे स्टँडमध्ये पेटवायच्या मशाली-फटाक्यांवरून, महासंघाशी ज्यांचं कायम वाजतं, त्याच लोकांना हा पुरस्कार. नुसती प्रतिमा उजळायची असती तर रक्तदान शिबिर भरवून फोटो काढले असते. आपल्याच क्लबला अवघडल्यासारखं होईल असा इतिहास उकरायच्या फंदात कोण पडलं असतं?

म्हणजे ही माणसं साधुसंत आहेत असं नव्हे. एकाच गटात दोन्ही गोष्टी नांदतात, इतकंच. असं भव्य चित्र उभं करायचं तर आधी वर्गणी गोळा करावी लागते, कापडाचे तागे आणून रात्र-रात्र रंगवावे लागतात, प्रत्येक पायरीवर कोण काय धरणार हे ठरवावं लागतं. मार्च २०२० मध्ये लीग बंद पडली तेव्हा अनेक शहरांत अल्ट्रा गटांनी हीच यंत्रणा वापरून म्हाताऱ्या लोकांना किराणा आणि औषधं पोचवायला सुरुवात केली. महिनाभरात त्याच लोकांनी रिकाम्या स्टेडियममध्ये सामने सुरू करायला जाहीर विरोधही केला. क्लबांना तो विरोध मुळीच परवडणारा नव्हता.

आता ‘पैसा क्लबचा’ हा मुद्दा. क्लब स्वतःचे उपक्रम करतातच. महाराष्ट्र सरकारसोबत १४ वर्षांखालच्या मुलांसाठी झालेला ‘एफसी बायर्न महाराष्ट्र कप’ आपल्याला माहीत आहे. तो क्लबचा कारभार, त्याच्याशी स्टँडमधल्या लोकांचा संबंध नाही. अल्ट्रा गट चालतात सभासदांच्या वर्गणीवर आणि स्वतः छापलेल्या स्टिकर-मफलरींवर. उलट युनियन बर्लिनच्या चाहत्यांनी २००४ मध्ये रक्त देऊन मिळालेला मोबदला क्लबच्या तिजोरीत टाकला, कारण लीगमध्ये खेळायच्या परवान्यासाठी पैसे कमी पडत होते. याला मी समाजसेवा म्हणणार नाही, तो आपल्या क्लबचा जीव वाचवण्याचा खटाटोप होता. पण पैसा कुणाकडून कुणाकडे गेला हे त्यातून कळतं.

‘सरकारचा पैसा’ हा तर निव्वळ घोळ आहे. फॅन प्रोजेक्ट ही वेगळी गोष्ट. तिथे प्रशिक्षित समाजसेवक पगारावर तरुण चाहत्यांबरोबर काम करतात. सुरुवात १९८१ मध्ये ब्रेमेनला झाली. खर्चाचा साधारण निम्मा वाटा फुटबॉल संघटना उचलतात, उरलेला राज्य आणि शहर. अल्ट्रा गटांच्या खिशात त्यातला पैसा जात नाही.

सेंट पाउलीचं कौतुक मात्र रास्त आहे. २००५ मध्ये त्यांच्याच एका खेळाडूच्या, बेंजामिन आड्रिओनच्या, पुढाकाराने ‘व्हिवा कॉन आग्वा’ ही पिण्याच्या पाण्यासाठी काम करणारी संस्था निघाली. सामन्याला बिअरच्या ग्लासाची अनामत घेतात. ती परत घ्यायला काउंटरवर न जाता लोक ग्लास सरळ स्वयंसेवकांच्या पिंपात टाकतात, आणि ती रक्कम संस्थेला जाते. पण ‘फक्त तेच’? शाल्के क्लबच्या चाहत्यांनी वंशद्वेषाविरुद्ध संघटना काढली १९९२ मध्ये. पोट्सडॅमच्या बाबेल्सबर्ग क्लबात २०१४ मध्ये निर्वासितांचा संघ उभा राहिला.

त्या मजकुरात जे यायला हवं होतं ते आलेलंच नाही. आखेनमध्ये वंशद्वेषाविरुद्ध उभा राहिलेला ‘आखेन अल्ट्राज’ हा गट जानेवारी २०१३ मध्ये मारहाणीला कंटाळून स्टेडियममधून बाहेर पडला. त्यांना मारहाण करणारे पोलीस किंवा परक्या क्लबचे लोक नव्हते, ते त्याच आलेमानिया आखेनचे उजवे चाहते होते. सगळ्या अल्ट्रांना एकाच पोत्यात भरलं की मार खाणारे आणि मारणारे एकाच नावाखाली जातात, आणि यात सोय होते ती मारणाऱ्यांची.