तीस कोंबड्यांच्या नमुन्यातून काय कळतं?

नमस्कार. बर्ड फ्लूच्या तपासणीवरच्या लेखाला तुम्ही सिन्नरहून चांगलंच फैलावर घेतलंय. तुमचे आक्षेप तीन. वीस हजारांच्या शेडमधून तीस पक्ष्यांचे नमुने घेणं म्हणजे नुसते कागद रंगवणं. झटपट किट मिळत असताना भोपाळच्या प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट कशाला बघायची? आणि रोग नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातली बदकं आणतात, तर त्यांनाच पकडून तपासा.

पहिला आक्षेप अर्धा बरोबर आहे. तीस हा आकडा शेडमधल्या पक्ष्यांच्या संख्येवरून येत नाही. किती टक्के पक्षी बाधित असले तर ते सापडायलाच हवेत, यावरून तो ठरतो. दहा टक्के बाधित असतील तर तिसांत निदान एक सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर जाते, मग शेड दोन हजारांचं असो की वीस हजारांचं. पण बाधित एकच टक्का असतील, म्हणजे तुमच्या शेडमध्ये दोनशे पक्षी, तर तीच शक्यता २६ टक्क्यांवर येते. चारपैकी तीन वेळा अहवाल स्वच्छ येणार आणि रोग आत असणार. एक टक्का पकडायचा तर तीनशे नमुने लागतात. त्यामुळे एका फेरीचे अहवाल आले की ‘तालुका बर्ड फ्लूमुक्त’ असे जे मथळे येतात, ते मलाही खटकतात.

हे गणितही पक्षी शेडभरातून उचलले तरच लागू पडतं. दाराजवळचे, सहज हाताला लागणारे तीस पक्षी घेतले की ते कोलमडतं. चारही कोपरे, मधला भाग, पाण्याच्या लाइनीखालचे आणि पंख पाडून बसलेले, सगळीकडून घ्यायचे.

मात्र धडधाकट पक्ष्यांची तपासणी ही नेहमीची पाळत झाली. शेडमध्ये मरतुक सुरू झाली असेल तर तिसांच्या मागे लागूच नका. एच५एन१ हा बर्ड फ्लूचा घातक विषाणू कोंबड्यांत शिरला की एक टक्क्यावर रेंगाळत नाही, काही दिवसांत शेड आडवं होतं. तेव्हा त्या दिवशीचे ताजे चार-पाच मेलेले पक्षी आणि तितकेच मलूल पक्षी शंभर धडधाकट पक्ष्यांपेक्षा जास्त सांगतात. म्हणून खरी पहिली चाचणी तुमच्या मरतुकीच्या वहीत आहे. खाद्य-पाणी एकदम कमी झालं, लेयरमध्ये, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांत, अंडी घटली किंवा पातळ कवचाची आली, आणि उन्हाचा ताण नसताना मरतुक सलग दोन दिवस दुप्पट झाली, तर त्याच दिवशी पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. मानमोडीचं (राणीखेत रोगाचं) चित्रही असंच दिसतं, नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. मेलेला पक्षी शेडवर चिरून बघू नका. दुहेरी पिशवीत बांधून बर्फावर ठेवा. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग कायद्यानुसार कळवणं मालकावर बंधनकारक आहेच. शिवाय भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मेलेल्यांची नाही.

आता किट. ते विषाणूचं प्रथिन ओळखतं आणि त्यासाठी नमुन्यात विषाणू भरपूर लागतो. नुकत्याच मेलेल्या कोंबडीत ते बऱ्यापैकी चालतं, वरवर ठणठणीत दिसणाऱ्या बदकात जवळजवळ निरुपयोगी ठरतं. दुसरी अडचण मोठी आहे. साधं किट फक्त फ्लू विषाणूचा ‘ए’ गट सांगतं, त्यातला प्रकार नाही. एच९एन२ हा त्याच गटातला सौम्य प्रकार आपल्याकडच्या कोंबड्यांत सर्रास आढळतो आणि तोही त्यात पॉझिटिव्ह दिसतो. एलायझा या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या चाचणीचंही तेच: ‘ए’ गटाच्या प्रतिपिंडांवरून एच५ ठरत नाही. उलट एच५ने झपाट्याने मेलेल्या कोंबडीत प्रतिपिंड तयार व्हायलाच वेळ मिळालेला नसतो. म्हणून आरटी-पीसीआरमध्ये आधी ‘ए’ गटात सगळीकडे सापडणारं मॅट्रिक्स जनुक, मग एच५ आणि एच७ हे घातक ठरू शकणारे प्रकार बघतात. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, पण शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचंच लागतं. तिथल्या ‘हो’वर एक किलोमीटरच्या आतले सगळ्यांचे पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत लागते. एवढा निर्णय किटच्या एका रेघेवर घ्यायचा? फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात झाला, तेव्हा काय हाहाकार उडाला हे तुमच्या धंद्यात कुणाला सांगायला नको.

वाट बघण्याबद्दलची तुमची चिडचिड रास्त आहे, पण वेळ कुठे जातो तेही बघा. नमुना बिघडला की सगळं पहिल्यापासून. कापसाचा, लाकडी काडीचा स्वॅब चालत नाही. प्लॅस्टिक काडीचा, कृत्रिम धाग्याचा हवा. घशातला आणि गुदद्वारातला, दोन्ही घ्यावेत आणि वेगवेगळ्या नळ्यांत ठेवावेत. एका नळीत एकाच जातीच्या जास्तीत जास्त पाच पक्ष्यांचे स्वॅब. पाचांत एकच बाधित असेल तर विषाणू पाचपट विरळ होतो, पीसीआरमध्ये (दर चक्रात विषाणूचे जनुकीय अंश दुप्पट होतात) साधारण सव्वादोन चक्रांचा उशीर. तो परवडतो, त्यापुढे नको. नळ्या ४ अंशांवर ठेवायच्या, घरच्या फ्रीजरमध्ये कधीच नाही. दोन दिवसांत पोचणार नसतील तर उणे ७० लागतं. फॉर्मलीनमध्ये टाकलेल्या अवयवातून विषाणू वाढवता येत नाही. आतडं बाकी अवयवांत मिसळायचं नाही.

बदकं पकडण्याबद्दल: वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय तो गुन्हा आहे, आणि गरजही कमी. तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक पहाटे गाळावरून उठले की मागची ओली, ताजी विष्ठा स्वॅबवर घेता येते. वाळलेली, ऊन लागलेली घेऊ नये. जात न ओळखता गोळा केलेली विष्ठा फारशी कामाची नाही, म्हणून पक्षी ओळखणारा माणूस सोबत हवा. आणि बदकांपेक्षा मेलेल्या पक्ष्यांकडे जास्त लक्ष द्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, त्याच सुमारास ठाण्यात बगळे आणि दापोलीत कावळे मेलेले सापडले होते. शेडजवळ किंवा बंधाऱ्यावर एकाच वेळी दोन-तीन कावळे वा बगळे मेलेले दिसले तर हात न लावता १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा. जागा, जात, संख्या आणि पहिल्यांदा कधी दिसले ती वेळ एवढं सांगितलंत की पुरे.