रिसेल चांगली, पण कुणासाठी?

आठ वर्षांपूर्वी जो तो एकच सांगत होता, वॅगनआर घे, रिसेलला मरण नाही. घेतली. २०१७ ची पेट्रोल, एकाच हातातली, जेमतेम ४१ हजार किलोमीटर चाललेली. प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल फाइलला लावलंय. भांडुपला पाणी भरायची चिन्हं दिसली की रात्री दोनला उठून गाडी चढावर नेऊन लावलीय मी!

आता विकायला काढली. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीने फोनवर ३ लाख १५ हजार सांगितले. मग तपासणीला एक पोरगा आला. रंगाची जाडी मोजायचं यंत्र दाराला लावून म्हणतो, "काका, हे दार रंगवलंय." हो, रंगवलंय. रिक्षा घासून गेली होती. मुंबईत आठ वर्षं चालवलेली, एकही ओरखडा नसलेली गाडी दाखवा मला! पुढे गालिचा उचलून विचारतो, "पाण्यात होती का?" तिथे माझं डोकंच फिरलं.

संध्याकाळी आकडा आला, २ लाख ३५ हजार. तोही रात्री बारापर्यंतच. ८० हजार एका दुपारीत गेले कुठे?

म्हणे, नवी गाडी स्वस्त झालीय. झालीय ना, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, जुन्यांचा भाव थोडा उतरणार हे मलाही कळतं. पण सकाळी फोन केलात तेव्हा हे ठाऊक नव्हतं? म्हणे, आम्हाला जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. अहो, तो तुमच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही! तो माझ्या पैशांतून का कापता? शेवटी पॉलिसीवरच्या आयडीव्हीवर बोट ठेवलं. ती विम्याची रक्कम आहे, गाडी चोरीला गेली तर मिळणारी. बाजारभाव तिच्यावरून ठरवायचा असेल तर तुम्ही विकतानाही त्याच आकड्याला विका.

गाडी दिली नाही. रात्री त्यांचीच यादी उघडून बसलो. माझंच मॉडेल, माझंच वर्ष, ६८ हजार किलोमीटर चाललेली, किंमत ३ लाख ६० हजार. फोटो मोठा करून पाहिला. मागच्या दाराचा रंग बाकीच्या गाडीशी जुळत नाही.