पुरुमेंताच्या यादीत विमा कधी येणार?

मे लागला की आमच्याकडे गोव्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची धावपळ, सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, कौलं चाळून घ्यायची, गटार उपसायचं, आणि ह्या सगळ्यात विमा एजंट मात्र कुठेच दिसत नाही. तो दिसतो मार्चमध्ये, टॅक्सच्या वेळी.

२३ जुलै २०२१ ला म्हादई नदी सत्तरी तालुक्यात घुसली (१९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर म्हणाले) तेव्हा शेजारच्या काकांची गाडी बॉनेटपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर काकांनी चालू होते का बघूया म्हणून सेल्फ मारला आणि तिथेच घात झाला. इंजिनात पाणी असताना स्टार्ट मारली की आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि हे नुकसान साध्या फर्स्ट पार्टीत धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं. एजंटने एक व्हॉट्सॲप टाकला असता, "पाणी गेलं तर चावी फिरवू नका, टो करा", तर काका वाचले असते. चवथीच्या शुभेच्छा मात्र न चुकता येतात हां!

कंपन्या तयारी करत नाहीत असं नाही. स्वतःच्या डोक्यावरचा बोजा त्या जीआयसी री सारख्या, विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्यांकडे वाटून मोकळ्या होतात, रीइन्शुरन्स म्हणतात त्याला. मोठा पूर आला की दावे बघायला एक नोडल ऑफिसर नेमतात, नुकसान मोजायला बाहेरून सर्व्हेअर आणतात. पण काणकोणात २००९ चा पूर २ ऑक्टोबरला आला, गांधी जयंती, सुट्टी. अशा दिवशी माणूस फोन लावणार कोणाला, एजंटलाच ना?

आणि भारत गृह रक्षा! घराचा विमा विकणाऱ्या कंपन्यांना १ एप्रिल २०२१ पासून ही घरविम्याची पॉलिसी ठेवणं सक्तीचं झालं. पूर, वादळ, दरड सगळं त्यात, वर घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत सामानाचा विमा आपोआप. म्हणजे आमच्या पुराच्या आधीच आलेली, आणि वाड्यावर एकालाही पत्ता नाही.

माझ्या दुकानाचा विमा होता. सर्व्हेअरने बिलं आणि स्टॉकचं रजिस्टर मागितलं. दोन्ही गल्ल्याखालच्या खणात, लगदा झालेला. मिळाले त्यात अर्धंही भागलं नाही.

आता मे मध्ये मीच मालाचे, फ्रीजचे, बिलांचे फोटो काढून स्वतःला ईमेल करतो. यंदा एजंटलाही पाठवले, म्हटलं पॉलिसीत काय कमी आहे ते बघून सांग. त्याचं उत्तर आलं, "दादा, पाऊस तर पडू दे."