कोळप्याला कॅमेरा लावला की झालं एआय?

पुण्याजवळ मोशीत किसान हे शेतीचं प्रदर्शन भरलं की पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं सार असं : तण काढणाऱ्या यंत्रांत एआय वगैरे काही नसतं. हिरवं दिसलं की नोझल उघडतं, एवढंच. ते विचार करत नाही, शेतात काही शिकत नाही. एआय हे फक्त विकायचं नाव. विक्रेत्यांच्या बडबडीचा वैताग मलाही येतो. तरी यातली बरीच विधानं टिकत नाहीत.

'हिरवं दिसलं की फवारतं.' अशी यंत्रं आहेत, आणि ती जुनी आहेत. वीडसीकरसारखा सेन्सर लाल आणि अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश टाकतो आणि परत आलेल्या उजेडावरून खाली माती आहे की जिवंत पाला, एवढंच ठरवतो. मोकळ्या रानात तेवढं पुरतं. उभ्या पिकात तोच नियम लावला तर तणाबरोबर पीकही जाईल, दोन्ही हिरवंच की! म्हणून जॉन डिअरचं पिकात चालणारं सी अँड स्प्रे हे फवारणी यंत्र किंवा कार्बन रोबोटिक्सचं लेझरनं तण जाळणारं लेझरवीडर वेगळ्या वाटेनं जातं. रोपांचे ढीगभर फोटो, त्यांवर माणसांनी केलेल्या 'हे पीक, हे तण' अशा खुणा, आणि त्यातून फरक शोधून काढणारं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणक प्रोग्राम. पान किती रुंद, कड कशी, हे कुणी एकेक नियम करून लिहून देत नाही. कडक ऊन, धूळ, एकमेकांवर आलेली पानं यांत असे नियम फसतात. हे एआय नसेल, तर एक्स-रे पाहून क्षयरोगाची शंका सांगणारं सॉफ्टवेअरही एआय नाही म्हणा.

'विचार करत नाही.' नाहीच करत. पण एआय हा विषय जिथं सुरू झाला, त्या अमेरिकेतल्या 1956च्या डार्टमथच्या बैठकीपासून चित्र ओळखणं, डाव खेळणं ही कामं याच विषयात मोडत आली आहेत. गप्पा मारणारं तेवढंच एआय, ही समजूत अलीकडची.

'शेतात शिकत नाही.' शिकवणं आधी होतं, शेतात ते वापरलं जातं. चॅटबॉटचं मूळ मॉडेलही तुमच्याशी बोलता बोलता बदलत नसतं.

राहिलं 'विकायचं नाव'. इथं मेसेज निम्मा बरोबर आहे. डेन्मार्कचं फार्मड्रॉइड हे पेरणी-खुरपणीचं यंत्र घ्या. पेरतानाच कुठलं बी कुठं पडलं हे ते अचूक जीपीएसनं नोंदवून ठेवतं आणि नंतर त्या जागा सोडून बाकीचं खुरपतं. तण त्याला ओळखावं लागतच नाही. पीक उगवायच्या आधीही ते रानात फिरू शकतं. यात एआयची गरजच पडत नाही, आणि म्हणून ते कमअस्सलही ठरत नाही. एआय नसलं की यंत्र हलकं, असं धरून विक्रेता आणि मेसेजवाला, दोघंही नेमके इथंच चुकतात.

स्टॉलवर विचारायचं ते हे : मॉडेल कुठल्या पिकाच्या, कुठल्या रानातल्या फोटोंवर शिकवलंय? सी अँड स्प्रे पिकात आणलं ते मका, सोयाबीन आणि कपाशीसाठी. जुन्नर-खेडकडच्या दाट कांद्यात उगवलेला लव्हाळा त्याला ओळखता येईल, असं गृहीत धरू नका. आणि ओळखला, वरचा पाला जाळलाही, तरी जमिनीतल्या गाठींतून तो पुन्हा फुटणार. त्याला एआयचा इलाज नाही.