सांघिक फिगर स्केटिंगची पात्रता खरंच बड्या देशांसाठी आखलेली आहे का?

हिवाळी ऑलिम्पिक जवळ आलं की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: सांघिक फिगर स्केटिंगच्या पात्रतेचे नियम बड्या देशांच्या सोयीचे आहेत. जगातला अव्वल स्केटर असलेला देश बाहेर बसतो, सुमार स्केटर मागच्या दाराने आत येतात, छोट्या देशांना वावच नाही आणि पदकं त्याच त्या देशांत वाटली जातात. हा खेळ मी जीव लावून पाहतो. म्हणून सांगतो, यातला बराचसा भाग नियम न वाचता लिहिलेला आहे. अन्याय एका ठिकाणी आहे, पण नेमकं तेच या मजकुरात येत नाही.

आधी नियम. 2014 च्या सोची ऑलिम्पिकपासून ही स्पर्धा होते. संघ दहा आणि प्रकार चार: पुरुष एकेरी, महिला एकेरी, पेअर्स (स्त्री-पुरुष जोडीचं स्केटिंग) आणि आइस डान्स (जोडीने बर्फावर केलेला नाच). देशाने यांपैकी किमान तीन प्रकारांत ऑलिम्पिकची जागा मिळवलेली असावी लागते. अशा देशांच्या स्केटर्सनी आधीच्या हंगामातल्या जागतिक स्पर्धेत आणि चालू हंगामातल्या ग्रां प्री मालिकेत मिळवलेले गुण धरून क्रमवारी लागते आणि त्यातले पहिले दहा संघ घेतात.

‘अव्वल स्केटर असूनही बाहेर’ याची उदाहरणं खरी आहेत. सोचीत किम यूनाने रौप्य जिंकलं, पण दक्षिण कोरियाकडे तेव्हा महिला एकेरीशिवाय काहीच नव्हतं. 2018 मध्ये हाविएर फर्नांदेझने कांस्य मिळवलं, तरी स्पेनचा संघ नव्हता. सगळ्यात बोलकं उदाहरण 2022 चं. बीजिंगला फ्रान्सच्या पापादाकिस आणि सिझेरॉन या जोडीने आइस डान्सचं सुवर्ण घेतलं, पण सांघिक स्पर्धेत फ्रान्स नव्हता आणि चेक प्रजासत्ताक होतं. वरवर पाहता खटकतं. पण फ्रान्सकडे त्या वर्षी महिला एकेरीतही जागा नव्हती आणि पेअर्समध्येही. अर्धा संघच नव्हता.

आता गुणांचं गणित पाहा. प्रत्येक प्रकारात पहिल्याला 10, दुसऱ्याला 9, असं करत दहाव्याला 1 गुण. दहाही संघ चारही प्रकारांत उतरले, तर शॉर्ट प्रोग्रॅम या पहिल्या टप्प्यानंतर एका संघाची सरासरी 22 गुण येते. एकट्या ताऱ्याच्या जोरावर आलेल्या देशाची झेप 10 वर थांबते. फ्री स्केट या दुसऱ्या टप्प्याला पहिले पाचच संघ जातात, त्यामुळे असा देश पहिल्याच टप्प्यात घरी जाणार हे आधीच ठरलेलं. त्याला आत घेऊन त्या स्केटरला काय मिळालं असतं? वैयक्तिक स्पर्धा त्याच्यासाठी आहेच. आपल्याकडे बॅडमिंटनचंच पाहा ना. प्रकाश पदुकोण 1980 मध्ये ऑल इंग्लंड जिंकले, गोपीचंद 2001 मध्ये. थॉमस कप हा सांघिक करंडक मात्र 2022 मध्ये आला, एकेरीच्या खेळाडूंच्या जोडीला चिराग शेट्टी आणि सात्विकसाईराज यांची दुहेरी उभी राहिल्यावर. सांघिक स्पर्धेने देशाची सगळ्या प्रकारांतली ताकद मोजावी, ही अपेक्षा वाजवीच आहे.

‘मागच्या दाराने’ म्हणतात ते जादा जागांबद्दल. तीन प्रकार असलेल्या देशाला चौथा भरून काढण्यासाठी मर्यादित जादा जागा मिळू शकतात. पण त्या जागेवर आलेला स्केटर फक्त सांघिक स्पर्धेत उतरतो, वैयक्तिक स्पर्धेत नाही. मग त्याने कुणाची जागा खाल्ली? कुणाचीच नाही. आणि ही सोय सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती ज्यांची एक बाजू लंगडी आहे अशा देशांना. अमेरिकेला किंवा कॅनडाला तिची गरज सहसा पडत नाही.

छोट्या देशांना वाव नाही, हेही टिकत नाही. 2018 मध्ये इस्रायल होता. 2022 मध्ये जेमतेम 37 लाख वस्तीचा जॉर्जिया चारही प्रकारांत उतरला आणि सहावा आला. दक्षिण कोरियाचा प्रवास तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. सोचीत संघ नाही. 2018 मध्ये यजमान असताना चारही प्रकार. 2022 मध्ये पुन्हा बाहेर. आणि 2026 मध्ये मिलानला कोरिया पेअर्सशिवाय, तीन प्रकारांवर उतरला. पेअर्सचे गुण शून्य, पण संघ आत. ‘किमान तीन’ या अटीचा फायदा झाला तो असा.

पदकांच्या बाबतीत पहिल्या दोन ऑलिम्पिकमध्ये रशिया, कॅनडा आणि अमेरिका हेच तिघे होते, हे कबूल. पण ते बर्फावर ठरलं, पात्रतेत नाही. 2022 चा रशियाची स्केटर कमिला वालिएवा हिच्या प्रकरणातला घोळ उत्तेजकांचा आणि नंतर गुण कसे वजा केले याचा आहे. त्यात कॅनडावर अन्याय झाला असं मलाही वाटतं, पण तो विषय इथे मिसळू नये.

खरी मेख ग्रां प्रीमध्ये आहे. या मालिकेच्या सहा स्पर्धा वर्षानुवर्षं अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, चीन, जपान आणि रशिया इथेच होत आल्या. रशिया वगळला गेल्यावर फिनलंड आला. प्रवेश निमंत्रणावर असतो, आणि यजमान देशाला प्रत्येक प्रकारात आपले तीनपर्यंत स्केटर उतरवता येतात. म्हणजे क्रमवारीत खाली असलेल्या अमेरिकी जोडीला घरच्या स्पर्धेत गुण मिळवायची संधी मिळू शकते, आणि त्याच दर्जाची इस्रायलची जोडी निमंत्रणाची वाट पाहत बसते. त्या गुणांवर पुढे संघाची क्रमवारी लागते. ज्युनियर ग्रां प्रीमध्ये प्रवेश संघटनांना ठरवून दिलेल्या कोट्यावर होतो, निमंत्रणावर नाही, म्हणून तिथले गुण जास्त विश्वासाचे.

नियम बदलायचाच असेल तर इथे बदला. यजमानपणाच्या जागेवर उतरलेल्या स्केटरचे ग्रां प्री गुण सांघिक पात्रतेत धरू नयेत आणि जागतिक स्पर्धेला जास्त वजन द्यावं, कारण तिथे प्रवेशाची किमान गुणांची अट सगळ्या देशांना सारखीच लागू आहे. तीन प्रकारांच्या अटीला हात लावायची मात्र काही गरज नाही.