खुलासा: ‘कूल’साठी एस्पेरांतोत ‘मालवार्मेता’ नव्हे

एस्पेरांतो ही वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम घडवलेली भाषा. ‘एस्पेरांतोत बोलीतले शब्दच नाहीत, इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ घ्यावा, कूल म्हणजे मालवार्मेता,’ असं मीच गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. ते चूक आहे, आणि अजून पुढे जातंय म्हणून हा खुलासा.

शब्द फोडून पाहिल्यावर चूक कळली. ‘माल’ म्हणजे उलट, ‘वार्म’ म्हणजे गरम, ‘एत’ म्हणजे किंचित. झालं काय, तर ‘गारसर’. माठातल्या पाण्याला चालेल, मित्राच्या नव्या गाडीला नाही.

‘भारी’ या अर्थाने एस्पेरांतो बोलणारे ‘मोयोसा’ म्हणतात. ‘आधुनिक-तरुण-शैलीचं’ या अर्थाच्या एस्पेरांतो शब्दांची आद्याक्षरं जोडून तो तरुणांनीच घडवला.

असे शब्द आणखी आहेत. एस्पेरांतोच्या मेळाव्यात आपल्या मातृभाषेत बोलत बसणं म्हणजे ‘क्रोकोदीली’. सगळ्यात बोलका मला ‘काबेई’ वाटतो: एस्पेरांतोची चळवळ अचानक सोडून जाणं. काबे या टोपणनावाने लिहिणारे नामवंत भाषांतरकार काझिमिएझ बेइन १९११ साली असेच बाजूला झाले, त्यावरून तो आला.

माझी जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल तिथे हा खुलासा टाका.