पोलिसांच्या गाडीवरचा देव

टेक्सासच्या उत्तर भागात चिल्ड्रेस नावाचे एक छोटे गाव आहे. 2015 मध्ये तेथील पोलिसांनी आपल्या गस्तीच्या गाड्यांवर ‘इन गॉड वुई ट्रस्ट’, म्हणजे ‘आमचा भरवसा देवावर’, हे शब्द लावले. धर्म आणि शासन वेगळे राहावेत यासाठी काम करणाऱ्या एका संघटनेने हरकत घेतली, पोलिसप्रमुखांनी ती धुडकावली, आणि राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्सटन यांनी, न्यायालय हे वचन बहुधा वैध ठरवेल, असे मत त्याच वर्षी दिले. अमेरिकेतील इतर अनेक ठाण्यांनीही तेव्हा हेच शब्द आपल्या गाड्यांवर लावले. मी याच राज्यात राहतो, आणि या प्रश्नाकडे येथील परका म्हणून आणि महाराष्ट्रातील बहुसंख्याक समाजात वाढलेला म्हणून, अशा दोन्ही बाजूंनी पाहण्याची वेळ माझ्यावर वारंवार येते.

समर्थकांचा युक्तिवाद साधा आहे: हे देशाचे अधिकृत बोधवाक्य आहे, नोटांवर आहे, मग गाडीवर का नको? परंतु ते पहिल्यापासून बोधवाक्य नव्हते. 1782 च्या राजमुद्रेवर ‘अनेकांतून एक’ अशा अर्थाचे लॅटिन वचन होते. देवाचे नाव नाण्यावर आले ते यादवी युद्धाच्या काळात, 1864 मध्ये, दोन सेंटच्या नाण्यावर. आणि ते राष्ट्राचे बोधवाक्य झाले 1956 मध्ये, जेव्हा निरीश्वरवादी सोव्हिएत संघापासून आपले वेगळेपण ठसवण्याची या देशाला निकड वाटत होती.

या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा आक्षेप. 1907 मध्ये नव्या सुवर्णनाण्यांवरून त्यांनी हे वचन वगळले, आणि टीका झाली तेव्हा, देवाचे नाव नाण्यावर छापणे हा अनादर असून तो पावित्र्यभंगाच्या जवळ जातो, असे लेखी उत्तर दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ते वचन परत आणले. रूझवेल्ट नास्तिक नव्हते. त्यांची हरकत श्रद्धावानाची होती, आणि आज ती अधिक खरी ठरली आहे. कारण न्यायालयांनी हे वचन टिकवले ते त्यातील देव वजा करून. 1970 मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने, हे वचन देशभक्तीपर आणि समारंभी स्वरूपाचे आहे, धर्माच्या सरकारी पुरस्काराशी त्याचा संबंध नाही, असा निर्वाळा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी तर 1984 मध्ये असे सुचवले, की घोकून घोकून अशा शब्दांतील धार्मिक आशयच झिजून गेला आहे. ज्याच्या नावात काही अर्थ उरलेला नाही असे सांगूनच ज्याचे नाव सरकारी मालमत्तेवर ठेवता येते, तो देव भक्ताच्या कोणत्या कामाचा?

नोटेवरचे शब्द आणि गाडीवरचे शब्द यांत फरक आहे, असे मी मानतो. नोट हातोहात फिरते, ती बाळगणारा तिच्यावरील वचनाचा पुरस्कर्ता ठरत नाही. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद नोंदवला होता. न्यू हॅम्पशायर राज्याच्या नंबरपाटीवर ‘स्वतंत्र जगा वा मरा’ असे वचन असते. यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या जॉर्ज मेनार्ड यांनी ते आपल्या गाडीवर झाकले, त्याबद्दल तुरुंगवासही भोगला, आणि शेवटी न्यायालयाने मान्य केले, की नागरिकाला त्याच्या वाहनावर शासनाचे मत मिरवण्याची सक्ती करता येणार नाही.

पोलिसांच्या गाडीची गोष्ट याहूनही गंभीर आहे. त्या गाडीतून उतरणाऱ्या माणसाला मला थांबवण्याचा, माझी झडती घेण्याचा, मला बेड्या घालण्याचा अधिकार असतो. त्याने माझ्याकडे फक्त नागरिक म्हणून पाहावे, एवढीच माझी अपेक्षा असते, आणि त्याच्या दारावरील वाक्यातील ‘आमचा’ या शब्दात मी मोडतो की नाही, हा प्रश्न त्या क्षणी मला पडता कामा नये. टेनेसी राज्यात आता वाहनमालकाला हे वचन असलेली किंवा नसलेली नंबरपाटी निवडता येते, हे ऐकायला न्याय्य वाटते. पण एका पाटीवर आधी अंक येतात आणि दुसरीवर आधी अक्षरे, त्यामुळे कोणी काय निवडले हे केवळ क्रमांकावरूनही ओळखता येते. ज्याला नोकरीच्या ठिकाणी किंवा महामार्गावर स्वतःची श्रद्धा उघड करायची नाही, त्याच्यासाठी ही निवड खरी निवड राहत नाही.

टेक्सासमध्ये 2021 पासून असा कायदा आहे, की कोणी हे वचन असलेला फलक भेट दिला, तर सरकारी शाळेने तो दर्शनी जागी लावलाच पाहिजे. डॅलसजवळच्या साउथलेक येथे 2022 मध्ये एका पालकाने हेच वचन अरबी लिपीत लिहिलेला फलक देऊ केला. आमच्याकडे पुरेसे फलक आहेत, असे सांगून शाळामंडळाने तो नाकारला. मग 2025 मध्ये प्रत्येक वर्गात बायबलमधील दहा आज्ञा लावण्याचा कायदा झाला आणि तो लगेच न्यायालयात गेला. त्या मजकुरात, माझ्याखेरीज अन्य देव मानू नकोस, कोरीव मूर्ती करू नकोस, अशा आज्ञा आहेत. ज्या मुलाच्या घरी भाद्रपदात गणपती बसतो, त्याला वर्गाच्या भिंतीवर हे रोज वाचावे लागणे किती दुखावणारे आहे, हे येथील मराठी कुटुंबांना समजावून सांगावे लागत नाही.

परंतु हीच माणसे महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांतील सत्यनारायणाचा, तहसील कचेरीच्या भिंतीवरील देवदेवतांच्या तसबिरींचा विषय निघाला की, ‘आपली ती संस्कृती आहे, तो धर्म नव्हे,’ असे सांगतात. चिल्ड्रेसचे समर्थक वेगळे काय सांगतात? टेक्सासमध्ये आपल्या मुलासाठी मागितलेले संरक्षण परभणीतील किंवा भिवंडीतील दुसऱ्याच्या मुलाला नाकारणे मला अन्यायाचे वाटते, आणि हे मी आमच्या मित्रमंडळींत स्पष्टपणे बोलत आलो आहे.

भारताने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. 17 ऑक्टोबर 1949 रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले हरि विष्णू कामत यांनी, राज्यघटनेच्या उद्देशिकेचा आरंभ देवाच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती संविधान सभेत मांडली. त्यांचा हेतू सात्त्विक होता, याविषयी मला शंका नाही. गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला तो असा, की जी गोष्ट प्रत्येक माणसाच्या अंतःकरणाची आहे, तिच्याबाबत समूहाचे मत कोणावर लादू नये. पूर्णिमा बॅनर्जी यांनी, देवावर मतदान करण्याच्या संकटात आम्हाला टाकू नका, अशी कामतांना विनंती केली. मतदान झाले, 41 विरुद्ध 68 मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली. तिच्या विरोधात हात वर करणाऱ्यांत श्रद्धावान माणसे पुष्कळ होती. त्याच राज्यघटनेने मंत्र्याला ईश्वरसाक्ष शपथ घेण्याची मुभा दिली आणि ज्याला देवाचे नाव घ्यायचे नाही त्याला तितक्याच मानाचा दुसरा पर्यायही दिला. बोलणारा माणूस आपल्यापुरते बोलतो, तेथे देवाला जागा आहे. राज्य सर्वांच्या वतीने बोलते, तेथे नाही.

हा भेद आपल्याकडे रस्त्यावरही लागू करता येतो. रिक्षामागे ‘तुळजाभवानी प्रसन्न’ लिहिणारा चालक स्वतःच्या वाहनावर स्वतःची श्रद्धा लिहितो, आणि त्याला कोणी हटकू नये. एसटीचा चालक आपल्या समोर लहानशी तसबीर ठेवतो, खंडेनवमीला गाडीला झेंडूची माळ घालतो, तेही मला खटकत नाही, कारण त्यामागे त्या माणसाचा हात दिसतो. मात्र महामंडळानेच प्रत्येक बसवर एका देवाचे नाव रंगवले, किंवा गृहखात्याने पोलीस जीपवर, तर माझी हरकत चिल्ड्रेसइतकीच असेल.

सगळीच उदाहरणे इतकी सोपी नाहीत. ‘सत्यमेव जयते’ मुंडक उपनिषदातील आहे, पण ते कोणाकडूनही श्रद्धेची कबुली मागत नाही. महाराष्ट्र पोलिसांचे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे तर सरळ कर्तव्याचे वर्णन आहे. आयुर्विमा महामंडळाचे ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ मला अधिक अवघड वाटते, कारण गीतेत ते वचन भगवंत स्वतःच्या भक्ताला देतात. तरीही विमेदाराला ते आश्वासन म्हणून पोहोचते, त्याच्या श्रद्धेची चौकशी करत नाही, म्हणून जुनी बोधवाक्ये खरवडून काढण्याची मागणी मी करणार नाही. माझी मागणी नव्या वचनांपुरती आहे: टेक्सासमधील शाळामंडळ असो वा महाराष्ट्रातील जिल्हा परिषद, सार्वजनिक पैशाच्या भिंतीवर किंवा गाडीवर देवाचे नाव लावण्याचा ठराव पुढे आला, तर तो नामंजूर व्हावा, आणि त्याविरुद्ध बोलायला सर्वांत आधी त्याच देवाच्या भक्तांनी उभे राहावे.